ग्रहणाचं आशीर्वचन सापडत नाही

८ एप्रिल २०२४ ची सोमवती अमावास्या महाराष्ट्रात रीतसर पार पडली. जेजुरीत भंडारा उधळला गेला, बाजारात दुसऱ्या दिवशीच्या पाडव्याच्या साखरगाठी लटकल्या आणि त्या दिवशीचं सूर्यग्रहण भारतातून दिसणारच नव्हतं, तेव्हा वेध पाळायचं कारण उरलं नाही आणि विषय संपला. ग्रहण होतं ते पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. मेक्सिकोत माझातलानला किनाऱ्यावर चढलेली चंद्राची सावली डॅलस, इंडियानापोलिस, क्लीव्हलँड, बफेलो अशी शहरं घेत मॉन्ट्रियलच्या दिशेने गेली. या वाटेवर ज्यूंची वस्ती बरीच. क्लीव्हलँडच्या पूर्वेचं बीचवुड हे उपनगर तर या वस्तीसाठीच ओळखलं जातं. त्या दिवसांत अमेरिकेतल्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, भाविकांनी एकाच प्रश्नाने भंडावून सोडलं होतं: ग्रहण दिसलं की कोणतं आशीर्वचन म्हणायचं? शास्त्राप्रमाणे उत्तर होतं, कोणतंच नाही. एवढ्यावर आपण म्हणू की मग झालं, धर्माचा संबंध संपला, चष्मे लावा आणि बघा. माझं म्हणणं वेगळं आहे. सिनेगॉगच्या आवारात, शाळांच्या मैदानांवर आणि कम्युनिटी सेंटरच्या पार्किंगमध्ये ही मंडळी ज्या उत्साहाने जमली, तो उत्साह आशीर्वचन नव्हतं म्हणूनच होता. ते असतं, तर दोन ओळी पुटपुटून लोक आपापल्या गाड्यांकडे वळले असते.

हे नसणं किती विचित्र आहे ते कळायला या धर्माचा आशीर्वचनांचा साठा एकदा पाहायला हवा. माणसाने दिवसाकाठी शंभर आशीर्वचनं म्हणावीत असं तालमुद हा ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो, आणि शंभर भरायची म्हणजे काटकसर करून चालत नाही. भाकरी खाताना एक, फळ खाताना निराळं, सुवासाचं आणखी निराळं. इंद्रधनुष्य दिसलं की एक, विजेचं एक, गडगडाटाचं एक. निसान महिन्यात फळझाडाला मोहोर आला की त्याचं खास. राजा दिसला तर राजाचंही आहे, आणि राजे दुर्मीळ झाले म्हणून ते कुणी रद्द केलेलं नाही. जिवलग मित्र वर्षभराने भेटला तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवाचे आभार मानायचे. वर्षभर पत्ता नसलेल्या मित्राला याहून नेमका टोमणा कुठल्याही धर्मग्रंथाने मारला नसेल. संडासातून बाहेर आल्यावरही आशीर्वचन आहे, आणि शरीराची सगळी भोकं नि पोकळ्या वेळेवर उघडल्या-मिटल्याबद्दल त्यात जी कृतज्ञता आहे ती पन्नाशी उलटलेल्या कुणालाही मनापासून पटेल. भूकंपाचंही आहे. ग्रहणाच्या तीनच दिवस आधी, ५ एप्रिलच्या शुक्रवारी, न्यू जर्सीत ४.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि न्यूयॉर्कपर्यंत कपबशा हलल्या. तिथल्या ज्यूंना त्या शुक्रवारी काय म्हणायचं ते तालमुदचा पाया असलेल्या मिश्नाने अठराशे वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. सोमवारी भर दुपारी सूर्य झाकोळला, तेव्हा मात्र त्याच ग्रंथांपुढे हात जोडून उभं राहिलं तरी पान कोरं.

पान कोरं राहण्याचं नेहमीचं कारण असं सांगतात की तालमुदच्या मते ग्रहण हा अपशकुन आहे. ‘सुक्का’ या भागात दृष्टांत दिलेला आहे: राजाने चाकरांना मेजवानी दिली, समोर दिवा ठेवला, मग कशावरून तरी बिनसलं आणि त्याने हुकूम सोडला, दिवा उचला, बसू दे यांना अंधारात. सूर्य कशामुळे झाकोळतो याची चार कारणंही दिली आहेत, आणि त्यांतलं पहिलं वाचून माणूस थबकतो. न्यायसभेचा प्रमुख वारला आणि त्याच्यावर नीट मृत्युलेखाचं भाषण झालं नाही, तर सूर्याला ग्रहण लागतं. हा नियम महाराष्ट्राला लागू असता तर आपल्याकडे ग्रहण कधी लागलंच नसतं, इतक्या जोमाने आपण शोकसभा घेतो. उलट वक्त्यांची यादी पाहून सूर्य दोन तास जास्त थांबला असता. त्याच पानावर अशीही वाटणी आहे की चंद्रग्रहण हे इस्राएलला वाईट, कारण ते चंद्रावर महिने मोजतात, आणि सूर्यग्रहण हे इतर राष्ट्रांना वाईट, कारण ती सूर्यावर चालतात. लगेच पुढे यिर्मया संदेष्ट्याचा हवाला देऊन असंही म्हटलं आहे की देवाच्या मर्जीप्रमाणे वागणाऱ्यांनी आकाशातल्या खुणांना घाबरायचं कारणच नाही. म्हणजे एकाच पानावर भीतीही आहे आणि भीतीवरचा उताराही. शिवाय अपशकुनाचं कारण टिकतच नाही. भूकंप काही शुभ नसतो, तरी त्याचं आशीर्वचन आहे. कुणी गेल्याची बातमी आली तरी म्हणायचं आशीर्वचन आहे. चांगल्यासाठी जसं म्हणतो तसंच वाईटासाठीही म्हणावं, असा मिश्नाचा दंडक आहे. वाईट आहे म्हणून गप्प बसा, हे या धर्माच्या स्वभावातच नाही. कुठल्याही कारणाने गप्प बसणं त्याला फारसं जमत नाही, असं म्हटलं तरी चालेल.

खरी अडचण पुढे आहे. ग्रहण ही पापाची शिक्षा असेल तर ती शंभर वर्षं आधी छापील वेळापत्रकात कशी येते? हा प्रश्न कुणा आधुनिक नास्तिकाने काढलेला नाही. ज्यू पंडितांनीच स्वतःला विचारून स्वतःची झोप उडवून घेतलेली आहे, आणि त्यांना तो पडणं साहजिक होतं. चांद्रमास २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भागांचा, असा त्यांचा हिशेब ठरलेला आहे. एका तासाचे १०८० भाग, म्हणजे एक भाग सव्वातीन सेकंदांहून थोडा अधिक. नवा महिना लागण्याआधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू असताना उभं राहून अमावास्येचा क्षण तास, मिनिटं आणि या भागांसकट जाहीर करतात. तो सरासरीने काढलेला असल्याने खऱ्या युतीपासून काही तासांनी हुकतो, पण सांगणाऱ्याच्या आवाजात त्याची खंत जाणवत नाही. २०२४ मध्ये ही घोषणा ६ एप्रिलला झाली, ग्रहणाच्या दोन दिवस आधी. आणि त्याच शब्बाथला तोराह या मूळ धर्मग्रंथातला महिन्यांची गणती सांगणारा उतारा वाचायचा होता. हे सारं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. त्यांनीही आपल्यासारखाच चंद्राचा महिना आणि सूर्याचं वर्ष यांचा संसार अधिक महिना घालून सावरलेला आहे, १९ वर्षांत ७ वेळा. आपला अधिक श्रावण २०२३ मध्ये होऊन गेला. त्यांच्याकडे २०२४ मध्ये दोन अदार आले. ८ एप्रिल हा दुसऱ्या अदारची २९ तारीख, आणि आपण गुढ्या उभारल्या त्याच ९ एप्रिलला त्यांच्या महिन्यांतला पहिला, निसान, सुरू झाला. अमावास्येचा असा सेकंदांत हिशेब ठेवणाऱ्या समाजाला सूर्यग्रहण अचानक आलं असं सांगता येत नाही. मग शिक्षेचं काय?

उत्तरं एकाहून एक आहेत. सोळाव्या शतकात प्रागच्या महाराल या रब्बीने सांगितलं की माणूस पाप करणार हे देवाला ठाऊक होतं, म्हणून त्याने ग्रहण लागेल असंच विश्व मुळात रचलं. पाप नसतं तर रचना वेगळी असती. याच महारालच्या तालमीतला डेव्हिड गान्स पुढे खगोलज्ञ टायको ब्राहेच्या वेधशाळेत जाऊन बसला, तेव्हा त्या तालमीत गणित नाकारायची सोय नव्हती. अठराव्या शतकात योनातान आयबेशुट्झ या रब्बींनी अधिक चतुर वाट काढली. तालमुदला ग्रहण म्हणायचंच नव्हतं, त्याला सूर्यावरचे डाग म्हणायचे होते, आणि डागांना काही वेळापत्रक नसतं. मोठा बिनतोड युक्तिवाद. जेमतेम शंभर वर्षं टिकला. १८४३ मध्ये हाइनरिश श्वाबे या जर्मन निरीक्षकाने सूर्याचे डागही साधारण दहा वर्षांच्या चक्राने वाढतात-घटतात असं दाखवून दिलं, आणि देवाचा तो खासगी इशाराही टाइमटेबलात आला. पण हरलेला युक्तिवाद टाकून द्यायची या परंपरेत रीत नाही. तोही पुढच्या चर्चेत मांडायचा असतो, नाहीतर पुढचा माणूस खोडणार काय? तालमुदमधल्या शमुएल या पंडिताने आपल्या नेहार्दिया गावाच्या गल्ल्यांइतक्या मला आकाशातल्या वाटा पाठ आहेत अशी बढाई मारली आणि त्याच दमात धूमकेतू म्हणजे काय ते आपल्याला कळत नाही असंही कबूल केलं. गंमत अशी की त्याला न कळलेल्या धूमकेतूचं आशीर्वचन आहे. ज्याचं गणित सगळ्यांना येतं त्या ग्रहणाचं नाही.

आता प्रत्यक्ष त्या सोमवारकडे येऊ. क्लीव्हलँडला खग्रास स्थिती दुपारी ३ वाजून १३ मिनिटांनी सुरू होणार होती आणि पावणेचार मिनिटांहून किंचित जास्त टिकणार होती. दुपारची मिन्हा ही प्रार्थना याच वेळच्या टप्प्यात येते, आणि तिला दहा माणसं लागतात. सोमवारी दुपारी दहा माणसं जमवायची म्हणजे एरवी फोन करून बोलवावं लागतं; त्या दिवशी ती आपल्या पायांनी आली होती, तेव्हा मिन्हा उरकून घ्यावी असं कुणाही व्यवहारी माणसाच्या मनात येणार. पण मिन्हाचा गाभा असलेली आमिदा म्हणताना पावलं जुळवून, जागचं न हलता, मध्ये न बोलता, जेरुसलेमकडे तोंड करून उभं राहावं लागतं. क्लीव्हलँडहून जेरुसलेम पूर्वेला, आणि सव्वातीनला सूर्य नैर्ऋत्येला. तीन वाजून दहा मिनिटांनी ज्याने आमिदा सुरू केली असेल, त्याच्या पाठीमागे शतकातला एक सोहळा पार पडेल आणि तो मात्र पार्किंगच्या भिंतीकडे बघत निष्ठेने उभा असेल. बरं, आधी प्रार्थना करावी की नंतर, हे ठरलं तरी पुढचा पेच तयारच. तीन तारे दिसले की ज्यूंचा दिवस संपतो आणि दुसरा लागतो. खग्रासाच्या अंधारात शुक्र तर ठळक दिसतो, त्या दिवशी गुरूही दिसला. एखादा खरा तारा डोकावला की मिन्हाची वेळ गेली का? रात्रीची प्रार्थना लागली का? चार मिनिटांनी पुन्हा ऊन पडल्यावर सकाळची म्हणायची का? शास्त्राचं उत्तर सरळ आहे: रात्र सूर्यास्ताने होते, सूर्यासमोर काही आल्याने होत नाही. पण उत्तर ठाऊक असलं म्हणून प्रश्न विचारायचा सोडून द्यायचा असेल, तर दहा माणसं जमवायचीच कशाला?

याच्या शेजारी आपलं ग्रहण ठेवून पाहा. आपल्याकडे काहीही उघडं ठेवलेलं नाही. वेध कधी लागतात, स्पर्श कधी, मध्य कधी, मोक्ष कधी. कोणत्या डब्यात तुळशीचं पान टाकायचं, गरोदर बाईने सुरीला हात लावायचा की नाही, आंघोळ किती वेळा आणि दान कोणाला, सगळं छापलेलं. शंकेला जागा न ठेवणारी अशी व्यवस्था क्वचित पाहायला मिळते, आणि तिचा परिणाम असा की पडदे ओढून प्रत्येक कुटुंब आपापल्या घरात गप्प बसतं. बोलत असतो तो एकटा टीव्हीवरचा ज्योतिषी. रस्त्यावर पूर्वी ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी ऐकू येई, तोच काय तो ग्रहणाचा सार्वजनिक आवाज, आणि त्याचाही मुद्दा चर्चेचा नव्हता, सुट्या पैशांचा होता. कुणी म्हणेल, ग्रहणात कुरुक्षेत्राच्या तळ्यांवर आणि नाशिकला गोदावरीच्या घाटावर गर्दी होते ती दिसत नाही का? दिसते. पण ती स्नानाला आलेली गर्दी आहे. प्रत्येकाला काय करायचं ते नेमकं माहीत असतं, प्रत्येक जण ते करतो आणि ओल्या कपड्यांनी परततो. डुबकी मारावी की न मारावी यावर घाटावर दोन तट पडलेले कुणी पाहिलेले नाहीत. जिथे नियम पुरा असतो तिथे माणसं नियमाला भेटतात. तो अर्धवट असला तर चौकशीसाठी का होईना, एकमेकांकडे जावं लागतं.

यावर दुसरा आक्षेप जास्त जड आहे. त्या दिवशी सगळी अमेरिकाच रस्त्यावर होती. तिने काही ‘सुक्का’ वाचलं नव्हतं. खरं आहे, आणि चष्मे, सँडविच नि घड्या घालायच्या खुर्च्या सगळीकडे सारख्याच होत्या. फरक गर्दीच्या आयुष्यात आहे. इतरांची गर्दी सूर्याला पहिला चावा बसला तेव्हा जन्मली आणि उजेड परतताच महामार्गांवरच्या कोंडीत विरून गेली. ज्यू मंडळींची आधीच्या शब्बाथला सुरू झाली होती: रब्बींची पत्रकं निघाली, प्रवचनं झाली, विजेचं आशीर्वचन इथे चालेल का यावर जेवणाच्या टेबलावर पक्ष पडले. काही उदारमतवादी रब्बी म्हणाले, चालेल. सृष्टी घडवणाऱ्याचंच ते आहे. सनातनी म्हणाले, तालमुदने नेमलं नाही ते आपण नेमायचं नाही, आणि आशीर्वचनाबद्दल शंका असेल तर ते म्हणायचंच नाही, कारण देवाचं नाव उगाच घेतल्याचा दोष लागतो. मधल्यांनी तोडगा काढला: देवाचं नाव वगळून म्हणा, किंवा आकाशाचा महिमा गाणारी स्तोत्रं म्हणा, त्यांना कुणाची हरकत नाही. हरकत नाही म्हटल्यावर त्या तोडग्यातली निम्मी गंमत गेली, हे सांगायला नको.

तिसरा आक्षेप माझ्या मुद्द्याच्या मुळावरच येतो, म्हणून तो टाळून चालणार नाही. सूर्याचं एक नेमलेलं आशीर्वचन आहे, ते दर २८ वर्षांनी म्हणतात, आणि त्याला तर हजारोंनी माणसं जमतात. सृष्टीच्या वेळी सूर्य जिथे होता त्या जागी, त्याच वारी नि त्याच प्रहरी तो परत येतो, असा त्यामागचा हिशेब. मागच्या खेपेला हा दिवस आला तो ८ एप्रिल २००९. भल्या पहाटे जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी गर्दी लोटली होती. तारीख तीच, ८ एप्रिल. एका वर्षी सूर्य रोजच्यासारखा उगवला, पाहण्यासारखं काहीही घडलं नाही, आणि आशीर्वचन झालं. पंधरा वर्षांनी दुपारी तो नाहीसा झाला, सगळं पाहण्यासारखं घडलं, आणि आशीर्वचन नाही. मग विधी माणसांना जमवत नाही असं कसं म्हणता? म्हणतो, कारण हा विधीही भांडणावरच जगतो. त्याचं गणित ३६५ दिवस ६ तासांच्या वर्षावर चालतं, आणि खरं वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. शतकानुशतकं ही मिनिटं साचून दिवस एप्रिलमध्ये सरकला. खरा वसंतसंपात मार्चच्या २० तारखेच्या आसपासच होऊन जातो. हे जमलेल्यांपैकी जाणत्यांना ठाऊक असतं, तरी ते जमतात, आणि ज्या दिवशी सूर्य त्या जागी नाही त्या दिवशी तो त्या जागी आहे असं का म्हणायचं, यावर पुढची २८ वर्षं पुरेल एवढं बोलून घेतात. नेमलेल्या विधीतही भेग ठेवलेली आहे. माणसं आत शिरतात ती तिथून.

आता तालमुदमधल्या त्या चार कारणांपैकी ही तीन पाहा. प्रमुख गेला आणि त्याच्यासाठी बोलायला कुणी धड उभं राहिलं नाही. गावात मुलीने हाक मारली आणि कुणी धावलं नाही. दोन भावांचं रक्त एकदमच सांडलं. या तिन्हींत वैयक्तिक सोवळ्या-ओवळ्याचं काहीच नाही. जिथे यायला हवं होतं तिथे लोक आले नाहीत, हीच तक्रार आहे. दिवा काढून नेणाऱ्या राजाला शांत करायला चार ओळींचं आशीर्वचन पुरलं असतं असं या पानावरून दिसत नाही. माणसं आली, एकमेकांचं ऐकून घेतलं, निदान ऐकून घेतल्याचा आव आणला, तर तक्रारीला उत्तर दिल्यासारखं होतं. पुढच्या खेपेसाठी साहित्य तयारच आहे. २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास ग्रहण इजिप्तमधल्या लक्झरवर सहा मिनिटांहून जास्त टिकेल आणि इस्राएलमधून खंडग्रास दिसेल. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या, अश्दोद नि दिमोनातल्या बेने इस्राएल ज्यू कुटुंबांनाही, ज्यांच्या आजी-आजोबांनी कोकणात वा मुंबईत ‘दे दान’ची आरोळी ऐकली असेल. तो दिवस येतो ज्यूंच्या तम्मूज महिन्याच्या २८ ला, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या तीन आठवड्यांच्या शोककाळात, जेव्हा लग्नं नि गाणं-बजावणं वर्ज्य असतं. आशीर्वचन नाही हा जुना प्रश्न सुटला नसताना त्यात नवी भर पडणार: चष्मे लावून, खाऊचे डबे उघडून सूर्याकडे बघत बसणं ही करमणूक धरायची, की अपशकुनाचं दर्शन म्हणून ते शोकातच मोडतं? दोन्ही बाजूंना आधार आहेत. त्यामुळे गर्दी नक्की होईल.